गाडीची खांदशेकनी

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनतात. पन नाव नाही सांगतलं तर तुमी मधातच विचारान, 'हे म्हनजे कोन?' म्हनून एकदाच सांगतो. सहदेव. झालं? आता पुढचं आयका.

सेहेचाळीस साल. होळी होऊन आठ दिवस झाले होते. हे लढाईवरून माघात घरी आले होते. तिकडे आसामात फौजेच्या मोटारखान्यात होते. चार साल राह्यले, अन् आले तवा उजव्या हाताचा आंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट तिकडेच सोडून आले. ट्रकचा जॅक घसरला म्हने. घरी आल्यापासून तो हात सदा कोटाच्या खिशात. फागुनाच्या उन्हात कोट घालून बसनारा मानूस तुमी पाह्यला काय? म्या पाह्यला. जेवाले बसले का तोंड भिंतीकडे करत अन् डाव्या हातानं खात. कोनी पाहू नये म्हनून. मले सारं दिसे, पन बोलाची सोय नव्हती.

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्ना नदीच्या काठाले. वांगे, मेथी, झेंडू, शेवंती, हा घरचा धंदा. लढाईच्या आधी हे कापसाच्या जिनात फिटर होते. तिथल्या एका साहेबाची जुनी मोटरसायकल याईनं घेतली होती. दसऱ्याले मागं झेंडूचे दोन हारे बांधून अमरावतीले जात, अन् सारी गल्ली पाहाले उभी राहे. मंग लढाई लागली, पेट्रोल कूपनावर गेलं, हे फौजेत गेले, अन् गाडी राह्यली कोठ्यात, मोटेच्या बैलाईच्या बाजूले.

आता अमरावतीचे एक मोटारवाले होते महादेवराव. त्याईच्या दोन लाऱ्या चिखलदऱ्याले जात. त्याईले फिटर पाह्यजे होता. याईनं पत्र टाकलं, बोटाईचं काही लिहिलं नाही. जबाब आला, 'ऐतवारी बारा वाजेच्या आत तुमची गाडी तुमी सोता चालवत आना. ज्याले आपली गाडी जित्ती ठेवता येत नाही त्याच्या हाती मी घाटातली लारी देत नाही.'

हे पत्र आलं तवा माघापासून पहिल्यांदा याईचं तोंड उजळलं. अन् माह्या धाकट्या दिरानं, पंजाबरावानं, चांगलंच बोलाले जाऊन वाईट केलं. म्हने, "दादा, नाहीच जमलं तर आपला मळा हाये ना. बसल्या बसल्या मेथीच्या जुड्या बांधजा."

जुडी बांधाले आंगठा लागते. हे याईले ठावं होतं, मले ठावं होतं, त्या येडपटाच्याच ध्यानात नाही आलं. हे उठून कोठ्यात गेले.

गुरुवारी गाडी बाहीर काढली. टाकीतलं जुनं पेट्रोल सडून गेलं होतं, ते ओतून टाकलं. कूपनावर एक गॅलन भेटलं होतं, त्यातलं थोडं टाकलं. किक मारली. एक नाही, दोन नाही, पन्नास. गाडी ढिम्म. प्लगची ठिनगी पाह्यली, ठिनगी पडत होती. पंजाबरावानं गाडी लोटत लोटत पुलापावतर नेली अन् तशीच वापस आनली. गाडीनं साधी उचकीही नाही देली.

माहा राग मंग दिरावर निंघाला. "भाऊजी, चार साल घरात तुमीच होते. आतलं काही काढून इकलं तर नाही ना?"

"वयनी, बैलाच्या शिंगाची शपथ. म्या हात नाही लावला."

"मंग काय भुतानं लावला?"

"भुतानं नाही तर कोनी लावला ते तुमीच पाहा," तो म्हने, अन् रुसून मळ्यात चालला गेला.

शुक्रवारी हे म्हनले, "कार्बुरेटर काढा लागते. पेट्रोल अन् हवा तथीच मिसळते. तथी बंद असन." डाव्या हातात पाना धरला, तीन बोटाईनं नट धरला. नट मातीत. उचलला, फेर मातीत. तिसऱ्यांदा पडला तवा याईनं पाना असा फेकला का कोठ्याच्या भिंतीचा पोपडा निंघाला. अन् खाली बसून राह्यले. म्हने, "बोटं गेले ते गेले, डोकंबी गेलं. फौजेत मी दिवसाले दहा खोलत होतो. आता मले आपलीच गाडी समजून नाही राह्यली."

मले ते आयकवलं नाही. म्या पाना उचलला. पदर खोचला. म्हनलं, "सांगा, काय करू."

"हे बाईचं काम नाही."

"वांग्याचं रोप मूळ न तोडता उपटता येते मले. हा नट काय मोठा शायना लागून गेला?"

मंग म्हनले, "आधी पेट्रोलची तोटी बंद कर."

केली. नळी सोडली. मुठीपासून आलेली तार वरतून सुटत नव्हती, आतलं काहीतरी चिकटून बसलं होतं. हे म्हनले, जोर नको करू, तार मुठीकडूनच सोड. मंग मागचे दोन नट. एक सुटला. दुसरा अडला. म्या त्याले दोन शिव्या देल्या, त्याईच्या समोर, अन् तो सुटला. हे खिशात हात घालून माह्या डोक्यावर वाकले होते, कोंबडी अंड्यावर असते तसे. कार्बुरेटर माह्या हातात आला. पितळेचा, पावशेराच्या मापाएवढा. बाजूच्या डबीचं झाकन फिरवलं. आत पेट्रोलवर तरंगनारी एक पितळी टिकली राहते, ती वरखाली हलली पाह्यजे. ती हलेना. तिच्यावर पिवळी साय धरली होती, कडक, चिक्कीसारखी. म्या नखानं खरवडली अन् नाकाले लावली.

फेर एकदा लावली.

वास जवसाचा होता.

आता तुमाले सांगतो, आमच्या इकडे पोळ्याच्या आदल्या रोजी बैलाईची खांदशेकनी करतात. वर्षभर जू वाहून वाहून खांदे सुजतात, म्हनून तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकतात, अन् कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' हे गेले त्या वर्षी पोळ्याले म्या बैलाईचं सारं केलं, अन् पाह्यलं तर बाजूले ही उभी. धूळ खात. मले वाटलं, ही बी तर त्याईचीच. हिचेबी खांदे कोनी शेकावे? हिले हळद लावली, अन् तोंडात, म्हनजे हे जे कार्बुरेटरचं तोंड असते ना त्यात, एक पळी जवसाचं तेल टाकलं. डबीच्या झाकनाले बारीक छेद होता, तथीबी थेंब थेंब सोडलं. अन् कानात सांगतलं. कान नाही तिले, आरशाजोळ सांगतलं. दरसाल. चार पोळे.

औताच्या दांड्याले आमी जवसाचंच तेल पाजतो, काहून का ते वाळून लाखेसारखं कडक होते. हे मले लहानपनापासून ठावं. पन गाडीच्या तोंडात जाऊनबी ते तेच करन, हे ह्या टकुऱ्यात शिरलं नाही. अन् बिचाऱ्या दिराले चोर ठरवलं!

मी गप राह्यली असती तर गाडी जुनी झाली, आतून गंजली, एवढंच झालं असतं. पन हे म्हनून राह्यले होते का आपलं डोकं गेलं. त्याईचं डोकं बरोबर होतं. बिघाड तथीच निंघाला जथी त्याईनं सांगतला. ते मले बोलाच लागत होतं.

"अवो," म्या म्हनलं, "हे म्या केलं."

सारं सांगतलं. पळी, हळद, आवतन, सारं.

"अवं बैल हाये का ते!" हे एवढ्या जोरानं वरडले का कोठ्यातले बैल उठून उभे राह्यले.

"तुमचं हाये ना!" मीबी वरडली. "अकरा महिने पत्र नव्हतं तुमचं! जित्ते का मेले, कोन सांगनार होतं मले? मले वाटलं, हिले आवतन देलं तर हिचा धनी येईन जुंपाले!"

अन् रडू फुटलं. चार साल रडली नव्हती मी, सासूसमोर नाही, मायसमोर नाही, अन् त्या दिवशी हातात कार्बुरेटर धरून ढसाढसा रडली.

याईनं विचारलं, "दरसाल?"

"दरसाल."

"पळीभर?"

"शिगोशीग."

याईनं खिशातला हात काढला, अन् त्या तीन बोटाईनं रडता रडता माह्या गालाले लागलेली पिवळी चिकट पपडी काढली. म्हने, "ऊठ. चुलीवर पानी ठेव. धुन्याचा सोडा टाक. तू बिघडवली, आता तूच सुधरवशीन."

सोड्याच्या पान्यात दोनदा उकळलं. मंग घासलेटात बुडवून ठेवलं. आत एक पितळी खिळा असते, जेट म्हनतात, त्याच्या मधातून सुईच्या नाकाहूनबी बारीक छेद. तोच बुजला होता. म्या तार घेतली तर हातावर फटका बसला. "तारेनं छेद मोठा होते. मंग गाडी पेट्रोल पेते दारुड्यावानी." म्हनून आंगन झाडाच्या फड्याची एक काडी सोलून सोलून केसाएवढी केली अन् तिनं कोरलं. उन्हाकडे धरून पाह्यलं. शनिवारी दुपारी त्या छेदातून सूर्य दिसला.

बसवलं. किक मारली. सातव्या किकले गाडी खोकली, बाराव्याले धूर सोडला, अन् मंग जी धडाडली का पुलावरचे कावळे उडाले. साऱ्या गल्लीत जवसाच्या तेलात भजे तळल्याचा वास. पंजाबराव मळ्यातून पळत आला. म्या साऱ्याईसमोर त्याले म्हनलं, "भाऊजी, भूत मीच होती. माफ करा." तो मोठ्या मनाचा. म्हने, "वयनी, पुढच्या पोळ्याले तिले पुरनपोळी नका चारू, म्हनजे झालं."

ऐतवारी झुंजूमुंजू निंघालो. हो, निंघालो. मागच्या बैठकीवर मी. सासू, तानुबाई, म्हनल्या, "लोक काय म्हनतीन?" म्या म्हनलं, "रस्त्यात छेद बुजला तर लोक येऊन कोरतीन काय?" मंग माह्या पदराले फड्याच्या चार काड्या त्याईनंच बांधून देल्या.

अन् बुजलाच. मूर्तिजापूर सोडलं अन् एका बाभळीजोळ गाडी गचके खाऊन बसली. म्या रस्त्याच्या कडेले बसकन मारली अन् कार्बुरेटर काढला. दोन बैलगाड्या थांबल्या. एक म्हतारा म्हने, "बाई, हे काय करून राह्यली?" म्हनलं, "बाबाजी, गाडीचा दात कोरून राह्यली." जवसाचा एक कपचा अडकला होता. काडीनं काढला, तोंडानं फुंकला, पेट्रोलनं जीभ चरचरली. हे नुसते 'आता हे, आता ते' सांगत होते. आमचं दोघाईचं मिळून एक मानूस झालं होतं, अन् ते मानूस लय हुशार होतं.

साडेअकराले अमरावतीत पोचलो. महादेवराव मोठे धिप्पाड, डोक्यावर लाल पागोटं. याईनं उतरल्याबरोबर हात खिशात घातला. महादेवराव गाडीभोवती फिरले, इंजिनाजोळ कान नेला, नाक नेलं. म्हने, "चालते तर मस्त. पन बंद पडली तर? कार्बुरेटर काढून दाखवा."

मले वाटलं, संपलं.

पन याईनं हात खिशातून काढला अन् महादेवरावासमोर धरला. "हे पाहा. नट धरता येत नाही मले. बिघाड कुठी हाये ते मले समजते, कसा काढाचा तेबी समजते. काढाले हाताखाली मानूस पाह्यजे. ही गाडी हिनं खोलली. हे पत्रात लिहिलं नाही, चूक माही."

महादेवराव त्या हाताकडे पाहत राह्यले. मंग माह्याकडे. "अन् हा जवसाचा वास कशाचा?"

हे सांगू लागले का जुनं तेल होतं म्हनून. मले सांभाळून घेत होते. मले नाही सहन झालं. "ती चूक माही!" म्या म्हनलं, अन् परक्या मानसासमोर खांदशेकनीचं सारं सांगून टाकलं. "याईनं वासावरून नाही, आधीच, नुसत्या अकलेनं सांगतलं का बिघाड तथी हाये. अन् तथीच निंघाला. आता ठेवाचं असन तर ठेवा, नाही तर आमी चाललो!"

महादेवराव हसले नाही. पागोटं सारखं केलं. तेबी कुनब्याचेच, घरी बैल असनारे. याईच्या जोळ आले, खांद्यावर हात ठेवला, अन् हळूच म्हनले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलाचं आवतन मानसाले! दुसरा कोनी असता तर म्या त्याचं पागोटं उतरवलं असतं. पन याईचे डोळे भरले होते.

"कामावर उद्यापासून, हाताखाली मानूस देतो," महादेवराव म्हने, "आज रुख्मिनीनं सैपाक केला हाये. चाला."

त्याईच्या ओसरीवर पंगत बसली. मोटारवाले, क्लीनर, पाहुने, दहा-बारा मानसं. त्याईच्या मालकीन, रुख्मिनीबाई, वाढत होत्या अन् मी दारातून पाहून राह्यली होती. याईनं कोट काढून खुंटीले टांगला. भिंतीकडे नाही, लोकाईकडे तोंड करून बसले, अन् उजव्या हातानं, तीन बोटाईनं, भाकर मोडली. वरन सांडलं थोडं पाटावर. कोनी पाह्यलं, कोनी नाही पाह्यलं. हे खात राह्यले.