दोघींची ओवी

सुमेधाने सुई तबकडीवर टेकवली, तशी कांताबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"आजी, हे अमेरिकन रेकॉर्ड लेबल तिकडच्या सगळ्या लोकांची गाणी जपतं. आपली सुलक्षणाआजीपण आहे त्याच्यात."

"जपतात म्हणे. माणूस गेल्यावर?"

सुलक्षणा कांताबाईंची धाकटी बहीण. मुलाकडे डेट्रॉइटला जाताना लंडनला विमान बदललं, पण बर्मिंगहॅमला बहिणीच्या दारात पाय ठेवला नाही. तेव्हापासून कांताबाईंनी तिचा फोन घेतला नाही. यंदाच्या थंडीत ती गेली. कधी आपली आठवण काढत होती का, एवढं विचारायचं राहून गेलं, आणि आता कोणापाशी विचारणं म्हणजे मान खाली घालणं.

आवाज आला. जात्यावरची बाबासाहेबांची ओवी. कांताबाईंनी आपली ओळ उचलायला तोंड उघडलं, तोवर सुलक्षणा पुढच्या ओळीवर पोचलेली. पुन्हा तेच.

"बंद कर. हे खोटं आहे."

"खोटं कसं? तिचाच आवाज आहे ना!"

"आवाज तिचा गं. पण दळण असं होतं का? एकीनं म्हणायचं, समोरचीनं झेलायचं. आणि सुलीला घाई? भाकरी थापायला बसली तर माणसं उपाशी निजायची! मधलं कापलंय कोणी तरी. विचार त्यांना."

सुमेधाने ईमेल केला. आठवड्याने उत्तर आलं: गाणं सलग व्हावं म्हणून मधल्या मोकळ्या जागा काढल्या, काही चुकलं असेल तर माफ करा, मूळ रेकॉर्डिंग सोबत आहे.

"मोकळ्या म्हणे! मेल्यांनो, तिथं मी बसते," कांताबाई फोनकडे बघून म्हणाल्या.

सुमेधाने मूळ रेकॉर्डिंग लावलं. पहिली ओळ संपली. मग नुसत्या बांगड्या, हात गोल फिरत असल्यासारख्या. दुसरी ओळ. पुन्हा बांगड्या. कांताबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

तिसऱ्या ओळीनंतर बांगड्याही थांबल्या.

"घे की गं, अक्का," सुलक्षणा हळूच म्हणाली. "रुसलीस का अजून?"

सुमेधाने आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

कांताबाईंनी तिचं मनगट धरलं. सोफ्यावरून उतरून त्या गालिच्यावर बसल्या, जात्यापुढे बसतात तसा एक पाय लांब केला, घसा खाकरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "थांबलीय ती."