किल्ल्याच्या गुहेतला वाघ

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजर आहे. कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझा जन्म गेला. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. मीही दाखवली. एका खेपेला एकच पट्टेरी पिल्लू जगलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या अवनीने मांडलेल्या खोक्यात मी त्याला घेऊन विसावले. "हे पिल्लू माझी जबाबदारी," असं तिने साऱ्या सोसायटीला बजावलं होतं. मीही भाबडी, त्या शब्दावर विसंबून उंदरांमागे जाऊ लागले.

दिवाळीत मुलांनी जिन्याशेजारी मातीचा किल्ला केला. मावळे मांडले, अळीव पेरून हिरवळ केली. पायथ्याची ऐसपैस गुहा अवनीची. तिथल्या मातीच्या वाघाचा पाय मोडला, म्हणून भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने माझं पट्टेरी पिल्लूच आत ठेवलं. दूध पिऊन ते तिथेच झोपलं. तेवढ्यात मामा आल्याची हाक आली. अवनी घरी पळाली ती फराळात रमली. पिल्लाचं कुणाला सांगायचं राहून गेलं.

दिवाळी सरली की किल्ला फटाक्याने उडवायचा, हा इथल्या मुलांचा रिवाज. त्याच संध्याकाळी, किल्ल्यातला अवनीचा जोडीदार शुभंकर याने गुहेच्या तोंडाशी सुतळी बॉम्ब ठेवला. मी भिंतीवरून पाहिलं आणि ओरडत धावले.

"अरे, त्या मांजरीला हाकल आधी, भाजेल बिचारी!" अनंतकाका गॅलरीतून म्हणाले. शुभंकरने मला पायाने लांब सारलं आणि वात पेटवली. माझी फार काळजी घेतली हो सगळ्यांनी.

आवाज ऐकून अवनी धावत खाली आली. "आत पिल्लू होतं," एवढंच ती बोलली.

"मग सांगायचंस ना!" शुभंकर रडकुंडीला आला.

"तू बघायचंस ना!"

"वा!" अनंतकाका म्हणाले. "किल्ला दोघांचा आणि चूक कुणाचीच नाही."

पुढे अवनी शहाणी झाली. लोक म्हणतात, किती जबाबदार पोरगी! झाली खरी, पण त्या शिकवणीत माझं पिल्लू खर्ची पडलं. तिचं दूध मी आजही पिते, पोटाला राग परवडत नाही. नंतरची पिल्लं मात्र तिला दिसू दिली नाहीत.

मित्रांनो, जीव सांभाळायला घेतलात, तर तो कुठे ठेवलात हे विसरू नका. नसेल जमत, तर घेऊ नका. आम्हाला आमची सात घरं पुरतात.

आताही दरवर्षी बत्ती लावण्याआधी अवनी मातीत आडवी होते आणि गुहेत खांद्यापर्यंत हात घालते. गुहा रिकामीच असते. तरी ती लवकर हात काढत नाही, आणि मी भिंतीवरून बघत बसते.