सकाळचा गुलाबी चमचा

शर्टांच्या कारखान्याचा भोंगा साडेसातला वाजे. त्याआधी मावशींच्या पाळणाघरात एकोणीस मुलं येत. कुणाला रात्री ताप आला असला, तर आई सहालाच औषधाचा गुलाबी चमचा पाजून आणी. अकरापर्यंत अंग गार राही, तोवर आई मशीनवर! आजारी मुलासाठी रजा मागितली, की सुपरवायझर तिच्या जागी दुसरी बाई बसवी. मग करणार काय बिचाऱ्या? आणि मावशी? पोरांच्या तोंडाचा तो गोड वास त्यांना रोज येई, बरं का! पण त्याही चालवून घेत.

त्या सोमवारी बटणं लावणारीने मुलगा आणला. डोळे लाल, नाक वाहतंय.

"ताप नाही ना गं?"

"छे हो मावशी, रडलाय नुसता."

अकराला मुलगा फणफणला. संध्याकाळी कानांमागे पुरळ दिसलं. गोवर! मावशींनी त्याला कोपऱ्यात निजवलं. पण गोवर कोपऱ्यात थांबतो होय? खोकल्याबरोबर सुटतो नि खोलीभर हवेत राहतो. त्याच खोलीत मावशींची सात महिन्यांची नात चिमी रांगत होती. तिला लस नवव्या महिन्यात मिळायची होती.

दहा दिवसांनी चिमी तापली. दुखणं छातीत उतरलं. दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली, पण चिमी गेली.

बटणं लावणारी धाय मोकलून रडली. "मावशी, मीच मारली हो तिला!"

"तू चमचा पाजलास. मी वास घेऊन गप्प बसले. आणि तुला रजा न देणारा?" मावशी म्हणाल्या.

आठवड्याने पाळणाघर उघडलं. मावशी दारात उभ्या. "आ कर रे बाळा." ज्याच्या तोंडाला तो वास, त्याला आत घेतलं नाही. पाच आया मुलांना कडेवर घेऊन दारातच खोळंबल्या. भोंगा वाजून गेला. थोड्या वेळाने सुपरवायझर तणतणत आला.

"पाच मशीन बंद आहेत, मावशी! घ्या ना आत. जरा अंग कोमट असेल, त्यात काय एवढं?"

मावशींनी चमचा पाजलेलं एक मूल त्याच्यापुढे केलं. "मग तुम्हीच धरा, साहेब. अकरापर्यंत."

तो झटकन मागे सरला. "नको, नको! माझ्या घरी तान्हं बाळ आहे."

"आमच्याही घरी होतं," मावशी म्हणाल्या आणि दारातून हलल्या नाहीत.