अंगणाचं जेवण

पायलने पहारीचं टोक दोन पेव्हर ब्लॉकमधल्या फटीत घातलं आणि हलकेच दाबलं. खचलेला लाल ब्लॉक कुरकुरत वर आला.

"पाय सांभाळ," ओट्यावरून तिची आई, हिरा, म्हणाली. "माझा मुरगळला तेवढा पुरे."

धायरीच्या घराचं हे अंगण पायलच्या वडिलांनी, अण्णांनी, रविवार-रविवार करून स्वतः बसवलं होतं. ते गेले आणि वर्षभरात नळाजवळचा भाग खचला. गेल्या आठवड्यात हिरा तिथेच अडखळून पडली. धम्मदीपने सगळं उखडून सिमेंटचा कोबा करायचं ठरवलं. माणसं उद्या येणार होती.

"जमत असेल तर आज बसव, ताई," तो सकाळी निघताना म्हणाला होता. "संध्याकाळी आई भरली बादली घेऊन चालेल. ब्लॉक हलला, की कोबा."

खाली सिमेंट असेल असं पायलला वाटलं होतं. खाली नुसती दगडाची बारीक कच होती. तिने आणखी दोन ब्लॉक काढले. कुठेच काही चिकटवलेलं नव्हतं. तिच्या लग्नाचा मांडव, जेवणाच्या पंगती, धम्मदीपची मोटार, सगळं या अंगणाने पेललं होतं, ते फटींतल्या चिमूट चिमूट वाळूवर.

आणि त्या कचीत वाटा होत्या. पेन्सिलीएवढ्या, गुळगुळीत, फांद्या फुटत ब्लॉकांखाली दूरवर गेलेल्या. पांढरी अंडी उचलून मुंग्या एकीमागून एक खोल उतरत होत्या. पायल पहार हातात धरून बसूनच राहिली.

"आई, इकडे ये."

हिरा लंगडत आली, वाकली.

"म्हणजे रोज माझ्या अंगणात वाळू आणून टाकणाऱ्या ह्याच?"

"आणत नव्हत्या. खालची बाहेर काढत होत्या."

हिराने फाटकाकडे पाहिलं. फटींवर उगवलेले वाळूचे ढीग ती रोज सकाळी खराट्याने फाटकाबाहेर लोटत आली होती. आणि रविवारी, नुकत्याच झाडलेल्या अंगणावर, अण्णा घमेलंभर बारीक वाळू पसरायचे.

"मी झाडायचं आणि ह्यांनी घाण करायची," हे आईचं वाक्य पायलने लहानपणापासून ऐकलं होतं. अण्णांचं उत्तरही ठरलेलं.

"घाण नाही गं. जेवायला घालतोय अंगणाला."

दोघी त्याला थट्टाच समजत.

शेवटची मुंगी दिसेनाशी होईपर्यंत पायल थांबली. मग तिने कच भरली, फळीने सारखी केली, ब्लॉक ठेवले, रबरी हातोडीने ठोकले. मोरीमागे अण्णांचं वाळूचं पोतं अर्धं शिल्लक होतं. वाळू पसरून तिने ती हाताने फटींत सारली.

संध्याकाळी धम्मदीप आल्यावर हिरा भरली बादली घेऊन चालली. एकही ब्लॉक हलला नाही. परत येताना ती मुद्दाम नळाजवळ थांबली आणि टाच दाबून उभी राहिली.

धम्मदीपने तिथेच फोन काढून उद्याची माणसं नको म्हणून सांगितलं.

"मानलं, ताई. पण हा वर उरलेल्या वाळूचा पसारा तरी काढ की," म्हणत त्याने खराटा उचलला.

हिराने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "जेवतंय अजून."