कुंदाचे दोन दात

बोरिवली तेव्हा मुंबईत धरली जात नसे. दादरचे नातेवाईक 'येऊ एकदा तुमच्या गावाला' म्हणायचे. शरच्चंद्रने अडुसष्ट साली तिथे दोन खोल्यांची जागा घेतली. आता किती वर्षं लोटली, पण मागची ती भातशेतं आणि गॅलरीत येणारा ओल्या गवताचा वास आठवला, की त्याचा जीव अजून तिकडे ओढ घेतो. त्या इमारतीत खोट एकच होती. वर गच्ची होती, कौलं नव्हती.

पडलेला दात कौलांवर फेकायचा, म्हणजे नवा भराभर येतो, हे कुणाला ठाऊक नाही? शरच्चंद्रच्या मुलीचे, कुंदाचे, वरच्या पुढच्या दातांच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन दात पडले. तिने ते गॅलरीतून सायकली ठेवायच्या पत्र्यावर फेकले. दोन्ही घरंगळून गटारात गेले. दोन वर्षं झाली तरी नवे येईनात. वर्गातल्या मुली चिडवायला लागल्या, आणि कुंदा तोंडावर हात ठेवून बोलायला लागली.

"तरी सांगत होते, गिरगावात मामाच्या कौलांवर टाकू," तिची आई उत्तरा उठताबसता म्हणायची.

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. "हिरडीत दातच नाहीत. जन्मतःच नाहीत. घरात आणखी कुणाला आहे का असं?"

उत्तराने नकारार्थी मान हलवली. शरच्चंद्रही म्हणाला, "छे हो, कुणालाच नाही."

कुंदा त्याच्या शेजारीच बसली होती. घरी येताना ती एवढंच बोलली, "मग गटारामुळेच."

रविवारी सकाळी चहाची गाळणी सापडेना. उत्तराने घर डोक्यावर घेतलं. शरच्चंद्रने गॅलरीतून वाकून पाहिलं, तर कुंदा गटाराकाठी उकिडवी बसून गाळणीने चिखल चाळत होती. कोपरापर्यंत काळी झाली होती पोर. आयुष्यभर त्याला दातांची लाज वाटत आली होती. आज स्वतःची वाटली.

तो धावत खाली गेला, तिला उचलून वर आणलं, मोरीत तिचे हात धुतले. मग तिथेच, उत्तरादेखत, तोंडात बोट घालून त्याने टाळूला बसवलेली प्लेट काढली. मुली बघायला जाण्याआधी गुपचूप करून घेतलेली. तिच्यावर दोन दात होते, आणि त्याच्या तोंडात, कुंदाच्या होत्या तिथेच, दोन फटी.

कुंदा बघतच राहिली. "बाबा, तुमचेपण गटारात पडले?"

"नाही गं. आमच्या घराला चांगली कौलं होती. नीट वर टाकले होते मी. आपल्याला ते येतच नाहीत." शब्दाशब्दाला हवा सुटत होती.

कुंदाने ओलं बोट आधी त्याच्या फटीत घालून पाहिलं, मग स्वतःच्या. आणि खुदकन हसली.

उत्तराने पदराने कुंदाचे हात पुसले. मग म्हणाली, "अकरा वर्षं लपवलंत, त्याचं काही नाही हो. दोन दातांसाठी मी काय माहेरी निघून गेले असते? पण डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पोर शेजारी बसली होती तुमच्या."



सोमवारी त्याने ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली, प्लेट फडताळात ठेवली आणि कुंदाला शाळेत सोडायला गेला. फाटकाशी उभं राहून त्याने तिच्या वर्गातल्या एकेका मुलीला थांबवून, तोंडभर हसत नाव विचारलं.