छत्तिसाव्या फोटोतली कार्मेल

मी ऑस्वल्ड अंकलांचा रोलवाला कॅमेरा बोलतोय. हो, रोलवाला! माझ्या पाठीवर स्क्रीन नाही, पोटात छत्तीस फोटोंची फिल्म असते. हल्लीची पोरं फोटो काढला की मला उलटं करून बघतात आणि विचारतात, "फोटो कुठंय?" अरे, पोटात आहे! जरा दम धरा की.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण मला कळायला लागलं ते ठाण्यात, कोलशेतला. अंकल तिथल्याच एका कंपनीत फिटर होते. मस्कतहून आलेल्या मित्राकडून त्यांनी मला घेतलं. नाताळात घातलेला रोल ते मे महिन्यापर्यंत पुरवायचे. मग एकाच पाकिटातून नाताळचा तारा, कुणाचा तरी बाप्तिस्मा आणि आंब्यानं तोंड माखलेला त्यांचा मुलगा शेन असे सगळे एकदम बाहेर यायचे. काय दिवस होते!

या सगळ्या फोटोंत अंकलांची बहीण कार्मेल मात्र कुठेच नाही. म्हणजे आहे, पण कुठे नुसतं कोपर, कुठे पाठ, कुठे तोंडावर धरलेलं ताट. मला बघितलं की ती पळायचीच. "मी फोटोत भूत दिसते," म्हणायची. तीस वर्षांत मला तिचं कोपर तोंडपाठ झालं.

पुढे मोबाइल आले आणि माझी रवानगी बिस्किटांच्या डब्यात झाली, मुदत संपलेल्या गोळ्यांच्या शेजारी. पंधरा वर्षं मी तिथे होतो. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

आणि एका दुपारी डबा उघडला! समोर स्वीडल, कार्मेलची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर आठवड्याभरात ती नवऱ्याबरोबर कॅनडाला चालली होती. "शेन, हा चालतो का रे? मला मम्मीचा हसताना एक फोटो पायजे. एकच! मोबाइल दिसला की ती तोंड लपवते."

आमच्या इथल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, नाचत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी घेऊन येतात. मागच्या लग्नात म्हणे सगळे मोबाइल वर धरून चालत होते, नाचायला कोणीच नाही. बँडवाल्यानंच शेवटी विचारलं, "वाजवू कुणासाठी?" म्हणून या वेळी स्वीडलनं दारातच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले आणि तांदळाच्या डब्यात बंद केले. फोटो काढणार फक्त मी! माझी छाती अशी फुगली की सेल बाहेर पडायचे बाकी होते.

फिल्म शेननं भरली. तो घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो, हुशार मुलगा. एक व्हिडिओ बघितला, फिल्मचं टोक खोचल्यासारखं केलं आणि झाकण लावलं. टोक मात्र खाचेबाहेरच राहिलं.

मला लगेच कळलं. पण ओरडणार कसा? बँड सुरू झाला, अंकल छत्री नाचवत पुढे निघाले, शेन खटाखट बटण दाबतोय, चाक फिरवतोय, आणि माझ्या पोटात फिल्म जागची हलत नाही! विहिरीवर कार्मेलच्या हातून दोर सुटला, बादली आपटली, ती नखशिखांत भिजली आणि खळखळून हसली. शेननं बटण दाबलं. "मिळाला!" सगळे ओरडले. स्वीडल तर उड्या मारायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन सगळे दारात पोचले. कार्मेलच्या डोक्यावर घागर. "एक मी काढतो," म्हणत अंकलांनी मला घेतलं, चाक फिरवलं आणि थांबले. फिल्म सरकली की माझ्या डाव्या खांद्यावरची छोटी फिरकी फिरते. ती ढिम्म होती.

"शेन, फिल्म लागलीच नाय रे."

बँड गप्प झाला. अंकल झाकणाला हात घालणार तोच कोणीतरी ओरडलं, "उघडू नका, फोटो जातील!"

"असतील तर जातील ना!" अंकल म्हणाले.

स्वीडलचा चेहरा पडला. शेन आपल्या चपलांकडे बघत राहिला. कार्मेलनं घागर सावरली, लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी अजून दाराच्या आत गेलंय का? नाय ना? मग आणलं कुठं? चला परत!"

आणि गेली की विहिरीकडे! बँडवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दुप्पट जोरात वाजवायला घेतलं. अंकलांनी छत्रीच्या सावलीत फिल्म नीट खोचली, चाक फिरवलं. फिरकी फिरली! अहाहा! पोटात अशी गुदगुल्यांची सरसर झाली की काय सांगू. आता सगळ्यांचे पाय मोकळे झाले होते. समोरच्या टॉवरचा वॉचमनसुद्धा नाचला. कार्मेलनं घागर विहिरीत रिकामी केली आणि पुन्हा भरली.

पण या खेपेला दोर सुटला नाही. कार्मेल हसलीच नाही. फोटोसाठी म्हणून बिचारी उभी राहिली, पण पासपोर्टला राहतात तशी. पस्तीस फोटो झाले, एकच उरला.

"मम्मी, हास ना गं!" स्वीडल रडकुंडीला आली.

"सांगून हसायला येतं का गो? उरलेला तुझ्या अंकलचाच काढा," कार्मेल म्हणाली, "आण, मीच काढते." तिनं घागर खाली ठेवली, शेनच्या हातातून मला घेतलं आणि डोळ्याला लावलं. उलटं! माझं भिंग तिच्याकडे, पाठ अंकलांकडे. आणि माझ्या खिडकीतून उलट्या बाजूनं बघितलं की समोरचं मोठं दिसतं.

"उलटा! आंटी, उलटा!" सगळा गाव ओरडला.

"अगो बाय! ऑस्वल्डचं नाक केवढं दिसतंय!" म्हणत तिनं हसत हसत मान मागे टाकली, आणि बोट दाबलं गेलं. खट्!

रोल धुऊन आला. इतक्या जवळचं मला धड दिसत नाही, त्यामुळे छत्तिसावा फोटो धूसर आहे. पण अख्ख्या फोटोभर कार्मेल आहे, दातांसकट. आता तो कॅनडातल्या फ्रिजवर असतो. व्हिडिओ कॉलवर स्वीडलनं तो कार्मेलला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "सांगितलं नव्हतं, भूत दिसते म्हणून?" मग आणखी एकदा दाखवायला लावला. फोन ठेवल्यावर शेनला म्हणाली, "दुसरा रोल आण. पोरीला इथलं सगळं धाडायचंय."

तेव्हापासून मी कार्मेलच्या पिशवीत असतो, भाजीबरोबर. आतापर्यंत अकरा फोटो झालेत. त्यांतल्या सातांत तिचा अंगठा आहे आणि दोनांत ती स्वतः. तर मंडळी, एक विनंती. कोलशेतच्या बाजारात एखादी बाई तुमच्यासमोर मला उलटं धरून उभी राहिली, तर तिला काही सांगायला जाऊ नका. गुपचूप आपलं नाक पुढे करा.