आमच्या घरचा देव

मालविकाबाईंनी चौथीच्या वर्गाला उपक्रम दिला तो मोठ्या हौसेनं. ‘आमच्या घरचा देव’, एक पान लिहा. भोकरजवळच्या सरकारी शाळेत असले उपद्व्याप करतं कोण? पण बाई नांदेडहून रोज ये-जा करून, वर हेही करत.

पुनमनं आपलं खरं ते लिहिलं. शेतातला म्हसोबा, त्याला शेंदूर, आणि वैशाखात कंदुरी. बोकड कापतात, भावकी जेवते, काळीज पुनमला मिळतं.

“शी! हा काय धर्म झाला? अंधश्रद्धा आहे ही. परत लिहून आण,” बाई फाडकन बोलून गेल्या. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. खिचडी खाताना सगळी पुनमभोवती ‘बें बें’ करत नाचली.

दुसऱ्या दिवशी तिची आज्जी साखराबाई शाळेच्या दारात, पोरगी पदराआड. भांडली असती तर बरं झालं असतं! म्हातारीनं हात जोडले.

“बाई, आमी अडाणी, आमचा देव बी अडाणी. त्याच्यापायी लेकराला हसू देऊ नका. शाळाच नगं म्हणून राह्यली ती.”

बाईंची कानशिलं तापली. गेल्याच वर्षी त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. गुरुजींनी ‘बळी’ म्हणून कोहळा मांडला, त्यावर कुंकू वाहिलं, आणि नवऱ्यानं, यज्ञेशनं, त्याचे सुरीनं दोन तुकडे केले. तेव्हा कुणी ‘शी’ म्हटलं नव्हतं. बाईंनी तर हौसेनं फोटो काढले होते. लाज वाटली त्यांना स्वतःची, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझंच चुकलं, आजी. वर्गासमोर सांगते मी,” त्या म्हणाल्या. कोहळ्याचंही सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

तास सुरू होताच त्यांनी पुनमला पुढं बोलावलं. “तुझं पान वाच बरं सगळ्यांना.”

पुनमनं वही उघडली. “आमच्या घरी गणपती आहे. आम्ही मोदक करतो. आमच्याकडे मटण कुणीच खात नाही.”

“अगं, आणि कालचं पान?”

“फाडलं. चुलीत घातलं.” पोरीनं मान वर केली. “आता बरोबर हाय ना, बाई?”

सांगायचं ते बाईंच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापक बालाजी सर टाळ्या वाजवत आत आले. “वा मॅडम, काय तयारी करून घेतलीत!” मग अख्ख्या वर्गानं टाळ्या पिटल्या. पुनम हसली, कालपासून पहिल्यांदाच.

“थँक्यू, सर,” मालविकाबाई म्हणाल्या, आणि लाल पेनानं त्या पानावर त्यांनी ‘छान’ लिहिलं.